ह्यूस्टनला मंगळवारी बर्फ! कढीपत्ता, मोगरा, लिंबू वाचवायचे कसे?

रानजाई (17 जानेवारी 2025, रात्री 9:12)

मंडळी, घाईतला धागा आहे. फोरकास्ट बघितलाच असेल. सोमवारपासून उत्तरेचा वारा, मंगळवारी बर्फ, आणि रात्री पारा विशीत. विशीत म्हणजे फॅरनहाइटमध्ये. भारतातल्या मंडळींनी उणे 4 ते उणे 6 सेल्सिअस धरून चालावं.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला राहतो. जमिनीत आहेत: कढीपत्ता (माझ्या डोक्याच्या वर गेलाय), मायर लिंबू, मोगरा, जास्वंद, केळीचं बेट, अळू, गवती चहा, हळद. कुंड्यांमध्ये केसर आंब्याचं कलम, तुळस, पारिजातक, कोरफड.

शेजारीण म्हणते बेडशीट टाक, नवरा म्हणतो प्लॅस्टिक. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर शेकोटी सुचवली आहे. शेकोटी पेटवली तर थंडीच्या आधी एचओएचं (आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेचं) पत्र येईल! 2021 ला आम्ही इथे नव्हतो, त्यामुळे अनुभव शून्य. जाणकारांनी सांगा.

गवतीचहा (17 जानेवारी, रात्री 9:30)

कुंड्या सगळ्या गराजमध्ये. त्यावर चर्चाच नको. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, जमिनीतल्यांना फक्त वरून. आंबा जड असेल तर आत्ताच हातगाडी बघून ठेवा, सोमवारी कुणाकडे मिळणार नाही.

टेक्सासकर (17 जानेवारी, रात्री 10:47)

रानजाई, थंडी दोन प्रकारची असते आणि त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. हे एकदा लक्षात आलं की बेडशीट की प्लॅस्टिक हा तुमच्या घरातला वाद मिटेल.

पहिल्या प्रकारात आकाश निरभ्र असतं आणि वारा पडलेला असतो. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. पानंही सोडतात. वारा नसल्यामुळे ती भरून काढायला नवी हवा येत नाही, आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं. अंगणातला थर्मामीटर 36 दाखवतो आणि तरी सकाळी गवत पांढरं दिसतं, ते यामुळे.

दुसऱ्या प्रकारात उत्तरेकडची गोठलेली हवाच वाऱ्यासकट अंगावर येते. फेब्रुवारी 2021 ला तेच झालं. 16 तारखेला ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर 13 अंश होते (उणे साडेदहा सेल्सिअस), डॅलसला उणे 2 फॅरनहाइट, आणि वर वीज गायब. डिसेंबर 2022 ला पुन्हा 15 पर्यंत गेलं. अशा वेळी वारा पांघरुणाखालची ऊब उपसून नेतो.

या खेपेला दोन्ही आहेत. सोमवारी वारा, मंगळवारी बर्फ, आणि मंगळवारी रात्री मोकळं आकाश. माझ्या मते मंगळवारची रात्रच जास्त वाईट.

आता पांघरुणाचं. चादर झाडाला ऊब देत नाही, कारण झाडाकडे स्वतःची ऊब नसतेच. ऊब जमिनीत आहे, चादरीने ती फक्त अडवून धरायची. म्हणून चादर जमिनीपर्यंत यायला हवी, आणि कडेने विटा, दगड, जे असेल ते ठेवून पक्की दाबायला हवी. आमच्या गल्लीत दर वर्षी लोक झाडाच्या डोक्यावर चादर टाकून ती खोडाशी दोरीने आवळतात. लॉलीपॉपसारखी दिसतात झाडं. त्याचा काहीही उपयोग नाही, जमिनीची ऊब बाहेरच राहते.

उद्या-परवा जमिनीला भरपूर पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरफडीला मात्र पाणी नको. ती कोरडी असेल तरच तगते.

आणि सगळं वाचवायला जाऊ नका. अळू, हळद, गवती चहा वरून जळतील आणि मार्च-एप्रिलमध्ये खालून उगवतील. त्यांच्यावर पालापाचोळा जाड टाका आणि विसरून जा. तुमच्या यादीत खरी चिंता दोघांचीच: लिंबू आणि कढीपत्ता.

झब्बू (17 जानेवारी, रात्री 11:05)

म्हणजे प्लॅस्टिक बाद? माझ्याकडे रंगकामाचं अख्खं बंडल पडून आहे.

टेक्सासकर (17 जानेवारी, रात्री 11:18)

बाद नाही, पण पानाला टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथलं पान हमखास जळतं. आत कापड, वर प्लॅस्टिक, मध्ये बांबूंचा सांगाडा असं केलंत तर वाऱ्याच्या रात्री फार कामाचं. पण ऊन पडलं की लगेच काढा, नाहीतर आत भाजून निघेल. फ्रॉस्ट क्लॉथ (थंडीपासून झाडं झाकायचं खास कापड) मिळालं तर सर्वात उत्तम. त्यातलं जाड कापड साधारण 4 ते 6 अंशांचा फरक पाडतं. पण आज दुकानात मिळालं तर नशीब समजा.

सोनटक्का (18 जानेवारी, सकाळी 7:40)

रानजाई, ख्रिसमसचे जुने दिवे आहेत का गं? जुने म्हणजे तापणारे, मोठ्या बल्बचे, सी9 म्हणतात ते. एकेक बल्ब 7 वॅटचा असतो. चादरीखाली खोडाभोवती एक माळ सोडली की लिंबाचं काम झालं. आम्ही सॅन अँटोनिओला डिसेंबर 2022 मध्ये संत्री अशीच काढली. एलईडी माळ लावून उपयोग नाही, ती तापतच नाही. नुसती शोभा. बल्ब कापडाला टेकू देऊ नकोस आणि बाहेरच्या पावसाळी प्लगलाच जोड.

बागुलबुवा (18 जानेवारी, सकाळी 8:15)

वीज गेली तर काय? गराजमध्ये कुंड्या ठेवून एक कोळशाची शेगडी पेटवून ठेवायची. आमच्या गावी गोठ्यात ठेवायचे.

गवतीचहा (18 जानेवारी, सकाळी 8:19)

नाही! नाही! नाही! गोठ्याला दारं-खिडक्या आणि फटी असतात. बंद गराजमध्ये कोळसा, गॅसची ग्रिल, जनरेटर, चालू गाडी, काहीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गराज घराला जोडलेलं असतं. 2021 ला वीज गेल्यावर याच कारणाने टेक्सासमध्ये माणसं दगावली. आंबा मेला तर नर्सरीत दुसरा मिळेल.

बागुलबुवा (18 जानेवारी, सकाळी 8:41)

मान्य. शेगडी मागे घेतो. मग गराजमध्ये पाण्याची पिंपं भरून ठेवली तर?

टेक्सासकर (18 जानेवारी, सकाळी 9:02)

ते चालेल. पाणी थंड होताना उष्णता सोडतं, आणि गोठायला लागलं की आणखी सोडतं. एका रात्रीसाठी गराजला तशी गरजही पडत नाही, घराच्या भिंतीची ऊब असते. कुंड्या त्या भिंतीला लावून, एकमेकींना खेटून ठेवा. गराजच्या दाराजवळ ठेवू नका.

निफाडकर (18 जानेवारी, सकाळी 9:30)

धागा वाचून गंमत वाटली. आमच्या द्राक्षबागांच्या थंडीला तुम्ही तिकडे चादरी घालताय. आमच्याकडे तुमच्याएवढा पारा उतरत नाही, पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात आला की तालुक्याची झोप उडते. 4-5 सेल्सिअसलासुद्धा पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागलेले, मणी तडकतात. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की पिंक बेरी येते. हिरवा मणी गुलाबी पडला की निर्यातीतून बाद. म्हणून घडांना पेपर लावतात.

थंडीच्या पहाटे आम्ही दोन गोष्टी करतो. ठिबकने विहिरीचं पाणी सोडतो, ते हवेपेक्षा कोमट असतं. आणि बांधावर, ओळींमध्ये शेकोट्या करून धूर करतो. तेव्हा रानजाईताई, तुमच्या सासूबाई अगदीच चूक नाहीत.

टेक्सासकर (18 जानेवारी, सकाळी 10:10)

निफाडकर, पाण्याबद्दल एकदम सहमत. धुराबद्दल थोडा वाद घालू का? जमिनीतून निघणारी उष्णता धुराच्या बारीक कणांना जवळपास जुमानत नाही, सरळ आरपार जाते. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा. धुराने फक्त शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरतात.

निफाडकर (18 जानेवारी, दुपारी 12:25)

घाला की वाद. धूर दिसतो, ऊब दिसत नाही, म्हणून लोक धुराला श्रेय देतात हे खरं. पण जुने लोक एक मोठा जाळ कधी करत नाहीत. लहान लहान शेकोट्या, पुष्कळ ठिकाणी. मोठा जाळ केला की गरम हवा सरळ वर निघून जाते, बागेत राहत नाही. लहान शेकोटीची ऊब वेलींच्या उंचीला रेंगाळते आणि वरची जरा उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते.

आणखी एक. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसल्याची बातमी येते ना, त्या दिवशी गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. लोक म्हणतात बातमी खोटी. खोटी नाही. थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळत सखल जागी साठते. तलावाची बाजू सखल आहे. तेव्हा ताई, तुमच्या आवारात पाणी कुठे साचतं ते आठवा, थंडीही तिथेच साचणार.

रानजाई (18 जानेवारी, दुपारी 1:03)

बाप रे, मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात! आणि लिंबू तिथेच आहे.

सोनटक्का (18 जानेवारी, दुपारी 1:10)

मग दिव्यांची माळ लिंबालाच. कढीपत्ता घराच्या भिंतीजवळ आहे का? असला तर त्याला नुसती चादर पुरेल.

इगुआनाकाका (18 जानेवारी, दुपारी 2:50)

टॅम्पाजवळून नमस्कार. आमच्याकडे पारा चाळिशीत आला तरी मायामीचं हवामान खातं झाडावरून इगुआना पडतील म्हणून लोकांना सावध करतं. खरंच पडतात. थंडीने बधिर होतात, मेलेले नसतात, ऊन पडलं की उठून चालू लागतात. घरात आणू नका एवढंच.

मुद्द्याचं. कुणीतरी आता स्प्रिंकलर सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. इथल्या प्लांट सिटी गावचे स्ट्रॉबेरीवाले रात्रभर पिकावर पाणी फवारतात आणि झाडं बर्फात गोठवतात. 1 ग्रॅम पाणी गोठताना साधारण 80 कॅलरी सोडतं, त्यामुळे बर्फाखालची कळी शून्याच्या आसपास टिकते. पण हे पाणी सतत पडत राहावं लागतं, सकाळी बर्फ वितळेपर्यंत. मध्येच थांबलं किंवा वारा सुटला, तर बाष्पीभवन सुरू होतं, आणि ते 1 ग्रॅममागे 600 च्या आसपास कॅलरी ओढून घेतं. म्हणजे पाणी न मारता जेवढं नुकसान झालं असतं त्याहून जास्त. शिवाय बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात.

जानेवारी 2010 मध्ये इथे लागोपाठ 11 दिवस थंडी पडली. सगळ्यांनी एकदम उपसा केला, भूजलाची पातळी 60 फूट खाली गेली आणि 140 च्या वर ठिकाणी जमीन खचली. घरं, रस्ते, सगळं. तेव्हा बॅकयार्डातल्या स्प्रिंकलरला सोमवारी सरळ बंद करा.

गवतीचहा (18 जानेवारी, दुपारी 3:05)

आणि बंद करून पाईपमधलं पाणी काढून टाका. बाहेरचे नळ गुंडाळा, होज काढून ठेवा. झाड गेलं तर शंभर डॉलर, पाईप फुटला तर विचारू नका.

रानजाई (18 जानेवारी, रात्री 8:20)

सगळ्यांचे खूप आभार! मोगरा आणि जास्वंदीचं कुणी बोललंच नाही. आणि मायर लिंबू कलमी आहे, त्याला काही वेगळं?

टेक्सासकर (18 जानेवारी, रात्री 9:35)

मोगऱ्याची पानं जातील, बारीक काड्याही जातील, पण मूळ तगेल. बुंध्याशी मल्चचा (पालापाचोळा, लाकडाचा भुसा) ढीग घाला. जास्वंद नाजूक आहे. 28 च्या खाली काही तास राहिली तर अवघड. एखादी जून फांदी छाटून आत पाण्यात ठेवा, मुळं फुटली तर फुटली.

लिंबाचं मात्र नीट वाचा. कलमाचा जोड शोधा, खोडावर जमिनीजवळ गाठ किंवा साल बदललेली दिसेल. त्या जोडाच्या वर हातभर मातीची भर घाला, थंडी संपली की काढा. टेक्सासात लिंबाची कलमं बहुतेक वेळा ट्रायफोलिएट नावाच्या काटेरी रानटी संत्र्याच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) केलेली असतात. वरचं सगळं मेलं तरी मातीखाली जोडाच्या वर वीतभर खोड जिवंत राहिलं, तर तिथून तुमचंच लिंबू पुन्हा फुटतं. जोडाच्या खालून फुटलं तर तो खुंट असतो: लांब काटे, एका देठाला तीन पानं, आणि फळ इतकं कडू की पक्षीही शिवत नाहीत. मायर तसं काटक, विशीच्या वरच्या भागात सहज निभावतं. आपलं कागदी लिंबू असतं तर मी आशा सोडा म्हटलं असतं.

केळीची पानं काळी पडणारच. कंद जिवंत राहतो. पारिजातक कुंडीत आहे ना, गराजमध्ये. तुळस घरात खिडकीत.

सोनटक्का (18 जानेवारी, रात्री 9:50)

तुळशीच्या मंजिऱ्याही वाळवून ठेव गं. घरात ती कधीकधी मान टाकते.

रानजाई (21 जानेवारी, सकाळी 6:55)

पडतोय!!! मुलं शाळा नाही म्हणून नाचताहेत, आणि मी खिडकीतून चादरी मोजतेय. कढीपत्त्याची चादर वाऱ्याने एका बाजूने उडाली होती, काल रात्री नवऱ्याने टॉर्च घेऊन पुन्हा दाबली. प्लॅस्टिकवाल्याला कापडाच्या ड्यूटीवर लावलं आहे.

झब्बू (21 जानेवारी, सकाळी 11:30)

न्यू ऑर्लीन्समधून: इथे लोक मार्डी ग्रा सणाच्या मण्यांच्या हारांसकट बर्फात घसरगुंडी खेळताहेत. झाडांकडे बघायची हिंमत नाही.

टेक्सासकर (21 जानेवारी, संध्याकाळी 5:15)

झब्बू, बर्फाखाली गाडलेल्या लहान झाडांची काळजी करू नका. हलका बर्फ पांघरुणाचंच काम करतो. फांद्यांवर साचलेला तेवढा हाताने हळूच झटका, काठीने बडवू नका.

रानजाई, आज रात्री चादर काढायची नाही. आकाश उघडतंय.

रानजाई (22 जानेवारी, दुपारी 12:10)

कुंपणापाशी पहाटे 22 दिसलं, चादरीखाली दिव्यांपाशी 34! सोनटक्काताई, तुम्हाला साष्टांग. दुपारी सगळं उघडलं. जास्वंद लोळलीय, केळी काळी-ठिक्कर. कढीपत्त्याची पानं लोंबताहेत, पण हिरवी आहेत.

इगुआनाकाका (22 जानेवारी, दुपारी 1:00)

न्यू ऑर्लीन्सच्या विमानतळाला 8 इंच बर्फ! फ्लोरिडाच्या वरच्या टोकाला तर त्याहूनही जास्त. आमच्या इगुआनांना कळवतो.

रानजाई (8 फेब्रुवारी, सकाळी 10:20)

कढीपत्त्याची पानं सगळी गळून गेली. काड्या तपकिरी. छाटू का? नुसतं बघवत नाहीये.

गवतीचहा (8 फेब्रुवारी, सकाळी 10:31)

नको! हात बांधून ठेवा.

टेक्सासकर (8 फेब्रुवारी, सकाळी 11:45)

आत्ता छाटलंत की झाडाला कोंब फुटायची घाई होईल, आणि फेब्रुवारीत पुन्हा थंडी आली तर ते कोवळे कोंब आधी जातील. वाळलेल्या काड्या खालच्या जिवंत भागाला थोडं झाकूनही धरतात. नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेलं. वरून सुरू करून खाली या, हिरवं कुठे लागतं तिथे सुतळी बांधून ठेवा. मार्चच्या मध्यानंतर तिथे कापा. खत आत्ता अजिबात नको, विशेषतः नत्राचं. पाणी बेताने, पानंच नाहीत तर पिणार कोण?

केळीचा चिखल झालेला भाग काढलात तरी चालेल, तो कुजून वास मारतो.

निफाडकर (8 फेब्रुवारी, दुपारी 12:40)

द्राक्षाला आम्ही छाटणी हवी त्या तारखेला करतो म्हणून कुणाला वाटेल छाटणीत काय एवढं. पण ती ठरवून केलेली असते, पुढचं हवामान धरून. इथे घाबरून करायची नाही.

रानजाई (6 एप्रिल, सकाळी 9:00)

हिशेब:

लिंबू: फक्त शेंडे जळले, आता कळ्या आहेत, वासाने आवार भरलंय. मातीची भर काढली. जोडाखालून एक तीन पानांचा काटेरी कोंब आला होता, तो मुळापासून उपटला. मोगरा: खालून फुटला, पण फुलं यंदा उशिरा येतील असं वाटतं. आंबा, पारिजातक: गराजमधून बाहेर आले, ठणठणीत. तुळस गेली, पण मंजिऱ्यांतून रोपं उगवलीत. हळद अजून दिसत नाही. अळू, गवती चहा, केळी: टेक्सासकर म्हणाले तसंच.

कढीपत्ता: सुतळीच्या वर सगळं मेलं, खाली जमिनीलगत आठ-दहा धुमारे! जास्वंद संपली. पाण्यातल्या फांदीलाही मुळं फुटली नाहीत.

पोळीभाजी (6 एप्रिल, सकाळी 11:20)

अटलांटाहून. कढीपत्त्याचे एवढे धुमारे आहेत तर एखादं रोप पोस्टाने पाठवता का? पैसे देते.

टेक्सासकर (6 एप्रिल, दुपारी 12:05)

रानजाई, पाठवू नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबूवर्गीयांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सिलिड नावाचा किडा त्यावर आवडीने राहतो. म्हणून टेक्सासातून कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यात पाठवण्यावर क्वारंटाइनचे निर्बंध आहेत. पोळीभाजी, तुमच्या जॉर्जियात दक्षिणेला आता सत्सुमा संत्र्यांच्या बागा झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. जवळच्या परवानाधारक नर्सरीत विचारा, आणि अटलांटात तो कुंडीतच ठेवा. तिथे चादरीने भागणार नाही.

रानजाई (6 एप्रिल, दुपारी 2:15)

हे माहीतच नव्हतं. सॉरी पोळीभाजी. मग ह्यूस्टनच्या आसपासच्यांनी शनिवारी सकाळी या, मुळासकट काढून देते. कुंडी आपापली आणा. पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात).

सहजच (6 एप्रिल, दुपारी 2:40)

मी शुगरलँडला आहे, येते. बदल्यात जास्वंदीचं रोप आणू? माझ्याकडे गुलाबी आणि लाल दोन्ही आहेत.

रानजाई (6 एप्रिल, दुपारी 2:44)

लाल. गणपतीला लागते.